ऑनलाइन दर्स आणि परवानगीचे आदाब

सूरह अन-नूरच्या २७ व्या आणि २८ व्या आयतींत अल्लाहने श्रद्धावंतांना घराच्या उंबरठ्याविषयी स्पष्ट नियम दिला आहे. आपल्या घराखेरीज अन्य घरात शिरण्यापूर्वी घरच्यांची संमती घ्यावी आणि त्यांना सलाम करावा. घरात कोणी नसेल तर परवानगी मिळेपर्यंत आत जाऊ नये. परत जाण्यास सांगितले गेले तर परत फिरावे, कारण त्यातच अधिक पावित्र्य आहे. संमती घेण्यासाठी २७ व्या आयतीत जो शब्द आला आहे, त्याचे मूळ ‘उन्स’ या शब्दात आहे. उन्स म्हणजे जवळीक, ओळख, परकेपणाचा अभाव. म्हणून येणाऱ्याने नुसते विचारून भागत नाही. आपली ओळख पटवून देणे आणि घरच्यांच्या मनातील संकोच दूर होऊ देणे हेही त्याचे कर्तव्य आहे. अरबांमध्ये पूर्वी अभिवादनाचा शब्द उच्चारत सरळ आत शिरण्याची रीत होती. इस्लामने ती बंद केली आणि उंबरठ्याला मर्यादा दिली. या आदेशाला फिकहच्या परिभाषेत ‘इस्तिजान’ म्हणतात.

वाचकहो, या आदेशाचा विचार आज एका नव्या उंबरठ्याच्या संदर्भात करण्याची गरज आहे. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली, मस्जिदी आणि मदरसे बंद राहिले, तेव्हा कुरआनचे दर्स, मुलांचे नाजरा वर्ग, स्त्रियांचे इज्तिमा आणि हजचे प्रशिक्षण हे सर्व मोबाइलच्या पडद्यावर आले. टाळेबंदी उठली, तरी हे वर्ग टिकून राहिले. कारण त्यांनी एक खरी उणीव भरून काढली होती. ज्या खेड्यात मुअल्लिमा नाही तेथील भगिनी घरबसल्या तजवीद शिकू लागल्या. कोकणातील आई आणि कुवैतमध्ये राहणारी तिची मुलगी एकाच दर्सला बसू लागल्या. परंतु ज्या वाटेने ज्ञान घरात आले, त्याच वाटेने नको ते लोकही घरात शिरू लागले. चालू वर्गात अनोळखी माणसाने अश्लील चित्र दाखवणे, शिवीगाळ करणे, स्त्रियांचे चेहरे चित्रित करणे, मौलानांच्या नावाने पैसे मागणे, असे प्रकार घडतात. तसे काही घडले की जमाअतीतील वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘हे वर्गच बंद करा.’ आणि वर्ग बंद झाला की सर्वांत मोठे नुकसान त्या भगिनींचे होते, ज्यांच्यापाशी शिकण्याचा दुसरा मार्गच नाही.

इस्लामने यावर जो उपाय दाखवला आहे, तो घर पाडण्याचा नसून घराला दार लावण्याचा आणि त्या दाराशी इस्तिजानचे नियम पाळण्याचा आहे. हे नियम ऑनलाइन मजलिसीला कसे लागू होतात, ते या लेखात क्रमाने पाहू.

ही मजलिस घर आहे की बाजार?

सूरह अन-नूरमध्ये परवानगीच्या आयतींना लागूनच २९ वी आयत आहे. ज्या जागी कोणाचे वास्तव्य नाही आणि ज्यांत लोकांच्या उपयोगाच्या वस्तू आहेत, तेथे परवानगीवाचून जाण्यात दोष नाही, असे तिच्यात सांगितले आहे. मुफस्सिरांनी याची उदाहरणे म्हणून सराया आणि दुकाने यांचा उल्लेख केला आहे. म्हणजे शरीअतने जागांचे दोन प्रकार मानले: जिथे लोकांची खासगी बाब आहे ती जागा, आणि जी सर्वांसाठी खुली आहे ती जागा.

कोणताही ऑनलाइन कार्यक्रम ठरवताना आयोजकांनी पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे. रमजानच्या स्वागताचे किंवा सीरतचे व्याख्यान सर्वांसाठी असेल, तर ते यूट्यूबवरून थेट प्रसारित करावे. तेथे श्रोता फक्त पाहतो आणि ऐकतो. तो पडद्यावर येऊ शकत नाही, त्याचा आवाजही सभेत येत नाही. लिखित संवादाची सोय बंद ठेवली म्हणजे उपद्रवाला जागाच उरत नाही. अशा कार्यक्रमाचा दुवा सर्वत्र वाटावा, तो बाजार आहे.

दुसरा प्रकार वेबिनारचा. येथे वक्ते आणि संचालक यांनाच बोलता येते. श्रोते एकमेकांना दिसत नाहीत. ते लेखी प्रश्न विचारू शकतात. झूमसारख्या सेवांमध्ये ही सोय वेगळे शुल्क भरून मिळते. मोठ्या संख्येच्या प्रश्नोत्तराच्या कार्यक्रमासाठी हा मार्ग उत्तम आहे.

तिसरा प्रकार म्हणजे साधी ऑनलाइन मीटिंग. यात प्रत्येकाला कॅमेरा, माइक आणि पडदा वापरता येतो, सर्वांची नावे सर्वांना दिसतात. नाजरा, तजवीद किंवा स्त्रियांचे दर्स यासाठी हीच पद्धत सोयीची ठरते, कारण मुअल्लिमेला प्रत्येकीचे पठण ऐकायचे असते. ही मजलिस मात्र घर आहे. बरेचसे अनर्थ घडतात ते घराला बाजार समजल्यामुळे. मीटिंगचा दुवा भित्तिपत्रकावर छापून फेसबुकवर टाकला, शेकडो सदस्य असलेल्या व्हॉट्सॲप गटांत फिरवला, तर आपण आपल्या घराचे दार रस्त्यावर उघडे टाकले असे होते.

दाराला टांगलेली किल्ली

आदरणीय जाबिर (रजि.) यांच्याकडून बुखारी व मुस्लिममध्ये आलेल्या हदीसनुसार, रात्र झाल्यावर अल्लाहचे नाव घेऊन दारे बंद करण्याचा आदेश प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिला आणि बंद केलेले दार सैतान उघडत नाही असे सांगितले. या हदीसमध्ये दोन गोष्टी एकत्र आहेत. अल्लाहचे नाव घ्यायचे आहे आणि दारही लावायचे आहे. एकाने दुसऱ्याची गरज संपत नाही.

ऑनलाइन दाराला पासकोड असतो. परंतु एक गोष्ट पुष्कळ आयोजकांच्या ध्यानात येत नाही. झूमवर तयार होणाऱ्या दुव्यातच सामान्यतः पासकोड गुंफलेला असतो. दुवा दाबणाऱ्याला तो वेगळा टाकावा लागत नाही. म्हणून ‘आम्ही पासकोड ठेवला आहे’ या समाधानाला अर्थ उरत नाही. ज्याच्या हाती दुवा पोहोचला, त्याच्या हाती किल्लीही पोहोचली. दुसरी चूक कायमच्या वैयक्तिक मीटिंग क्रमांकाची. तो क्रमांक बदलत नाही. एकदा तो परक्याला कळला की आजचा वर्ग, उद्याचा वर्ग आणि पुढल्या महिन्याचा वर्ग, सर्वांचा पत्ता त्याला कळला.

मार्च २०२० च्या अखेरीस अमेरिकेच्या एफबीआयने शाळांच्या ऑनलाइन वर्गांत होत असलेल्या घुसखोरीबद्दल जाहीर इशारा दिला. एप्रिल २०२० मध्ये आपल्या केंद्रीय गृह मंत्रालयानेही झूमच्या वापराविषयी सूचनापत्र काढले. त्याच महिन्यात झूमने अनेक खात्यांसाठी पासकोड आणि वेटिंग रूम आपोआप चालू राहील अशी व्यवस्था केली. गृह मंत्रालयाने तेव्हा ज्या दक्षता सांगितल्या, त्या आजही तितक्याच उपयोगी आहेत:

१. प्रत्येक कार्यक्रमासाठी नवा क्रमांक आणि नवा पासकोड घ्यावा.

२. वेटिंग रूम चालू ठेवावी, म्हणजे संचालकाने आत घेतल्याशिवाय कोणी येणार नाही.

३. संचालक येण्यापूर्वी इतरांना आत येता येईल ही सोय बंद करावी.

४. पडदा दाखवण्याचा अधिकार फक्त संचालकाकडे ठेवावा.

५. बाहेर काढलेली व्यक्ती पुन्हा आत येऊ शकणार नाही अशी व्यवस्था ठेवावी.

६. फाइल पाठवण्याची सोय बंद ठेवावी.

७. सर्व जण आल्यावर मीटिंगला कुलूप लावावे.

या सात गोष्टींना पाच मिनिटेही लागत नाहीत. बुखारी व मुस्लिममधील प्रसिद्ध हदीसनुसार प्रत्येक माणूस राखणदार आहे आणि त्याच्या राखणीतील लोकांविषयी त्याला विचारले जाणार आहे. वर्गाचा संचालक त्या तासापुरता राखणदार असतो. ही पाच मिनिटे देणे त्याच्यावर अमानत म्हणून बंधनकारक आहे.

‘मी’ हे उत्तर पुरेसे नाही

आदरणीय जाबिर (रजि.) यांचे वडील उहुदच्या रणात शहीद झाले आणि त्यांच्यावर कर्ज राहिले होते. त्या कर्जाच्या संदर्भात जाबिर (रजि.) प्रेषितांच्या (स.) दाराशी आले आणि त्यांनी दार ठोठावले. आतून विचारणा झाली, कोण आहे? त्यांनी उत्तर दिले की मी आहे. प्रेषितांनी (स.) ‘मी, मी’ असे उद्गारून या उत्तराबद्दल नापसंती दर्शवली. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत आहे. जाबिर (रजि.) जवळचे सहाबी होते. त्यांच्या हेतूविषयी शंका असण्याचे कारण नव्हते. तरीही दाराशी उभ्या असलेल्याने स्वतःचे नाव सांगावे, हे त्यांनाही शिकवले गेले.

आता आपल्या वेटिंग रूमकडे पाहा. तेथे ‘आयफोन’, ‘गॅलेक्सी’, ‘रेडमी’, ‘यूझर’ अशी नावे उभी असतात. ही सर्व नावे म्हणजे ‘मी, मी’ हेच उत्तर होय. वर्ग सुरू झालेला असतो, गडबड असते, आणि संचालक ‘सर्वांना आत घ्या’ हे बटण दाबतो. त्या एका क्षणात दाराचा उपयोग संपतो.

यासाठी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, कार्यक्रमापूर्वी नावनोंदणी घ्यावी, तीही आवश्यक तेवढीच. दर्ससाठी आधार क्रमांक, जन्मतारीख, घराचा पत्ता विचारण्याचे काही प्रयोजन नाही. जी माहिती गोळा केली नाही, ती चोरीलाही जात नाही. दुसरी, सहभागी व्यक्तीने आपले नाव आणि गाव लिहूनच यावे असे आधी कळवावे; नाव नसेल तर वेटिंग रूममध्ये संदेश पाठवून विचारावे. तिसरी, दाराशी एक स्वतंत्र व्यक्ती नेमावी. जो शिकवतो त्यानेच दार सांभाळावे ही अपेक्षा चुकीची आहे. स्त्रियांच्या वर्गात ही जबाबदारी एखाद्या जाणत्या भगिनीकडे द्यावी. केवळ स्त्रीचे नाव लिहिले म्हणजे येणारी व्यक्ती स्त्रीच आहे असे ठरत नाही. नवीन नाव दिसले तर तिला ओळखणारी कोणी वर्गात आहे का, हे विचारावे. नसल्यास आधी फोनवर बोलून खात्री करावी.

येथे काहींच्या मनात रुसवा उत्पन्न होतो. ‘आम्हाला दाराशी थांबवले, आमच्यावर संशय घेतला,’ असे म्हटले जाते. परत जा असे सांगितले गेल्यास परत जाण्यातच पावित्र्य आहे, हे अल्लाहने सांगितल्यावर रुसव्याला जागा कोठे राहते? परवानगी मागणाऱ्याचा जसा हक्क आहे, तसा नकार देण्याचा घरच्यांचाही हक्क आहे.

नजरेसाठीच परवानगी

आदरणीय सहल बिन सअद (रजि.) सांगतात की एक माणूस प्रेषितांच्या (स.) खोलीत छिद्रातून डोकावला. प्रेषितांच्या (स.) हाती त्या वेळी केस विंचरण्याचे एक टोकदार साधन होते. त्यांनी अत्यंत कठोर शब्दांत त्याला फटकारले आणि परवानगीचा नियम नजरेमुळेच घालून दिला आहे, असे स्पष्ट केले (बुखारी, मुस्लिम). त्या माणसाने उंबरठा ओलांडला नव्हता. फक्त त्याची दृष्टी आत गेली होती आणि तेवढेच अपराध ठरण्यास पुरेसे झाले.

मोबाइलचा कॅमेरा हे आपल्या घराच्या भिंतीला पडलेले छिद्रच आहे. सूरह अन-नूरच्या ५८ व्या आयतीत घरातील लहान मुलांनी व सेवकांनीही ज्या तीन वेळी परवानगी घेऊन आत यावे असे सांगितले आहे, त्यांत फज्रपूर्वीची, दुपारच्या विश्रांतीची आणि इशानंतरची वेळ येते. या वेळी माणूस घरात सैल वस्त्रांत, निवांत असतो. आणि आपले बहुतेक ऑनलाइन दर्स केव्हा होतात? इशानंतर. ज्या वेळी घरच्या मुलालाही विचारून यावे लागते, त्या वेळी आपण घरात कॅमेरा उघडतो. शिकणारी भगिनी पडद्याआड नीट बसलेली असते, पण मागे तिची सासू, जाऊबाई, झोपलेली मुले यांपैकी कोणी दिसत असेल, तर त्यांची परवानगी कोणी घेतली? म्हणून आत येताना कॅमेरा आणि माइक बंद राहतील अशीच सोय ठेवावी. ज्याला कॅमेरा लावायचा आहे त्याने कोरी भिंत मागे ठेवावी आणि घरच्यांना सांगून मगच तो उघडावा. तजवीदसाठी आवाज पुरेसा आहे.

रेकॉर्डिंगविषयी विशेष सावधगिरी हवी. ॲपमधून रेकॉर्डिंग सुरू झाले तर त्याची सूचना सर्वांना मिळते. परंतु दुसरा मोबाइल समोर धरून कोणी चित्रण केले तर कोणतेही ॲप ते सांगू शकत नाही. म्हणून जे दाखवू नये ते दाखवूच नये, हाच खरा बचाव आहे. आयोजकांनी दर्सचे रेकॉर्डिंग करायचे ठरवले तर आधी संमती घ्यावी, व्याख्यानाचाच भाग ठेवावा आणि प्रश्नोत्तरे वगळावीत. स्त्रिया तलाक, हैज, घरातील छळ अशा विषयांवर प्रश्न विचारतात. त्या प्रश्नात आवाज असतो, नाव असते, कधी पतीचेही नाव असते. एखाद्याने बोलता बोलता इकडेतिकडे पाहिले तर त्याचे ते बोलणे अमानत होते, अशा आशयाची हदीस अबू दाऊद व तिर्मिजीत आहे. बोलणाऱ्याची भीती त्याच्या मान वळवण्यातूनच ओळखावी, इतकी ही शिकवण सूक्ष्म आहे. जिने नाव न सांगण्याची विनंती करून प्रश्न पाठवला, तिच्याविषयी ही जबाबदारी किती मोठी आहे ते वेगळे सांगायला नको. अशा प्रश्नांसाठी लेखी आणि निनावी पद्धत ठेवणे सर्वांत उत्तम.

ही भीती काल्पनिक नाही. जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२२ मध्ये मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे त्यांच्या संमतीवाचून उचलून त्यांचा ‘लिलाव’ मांडणारी दोन ॲप्स उघडकीस आली. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने आरोपींना अटक केली. ती छायाचित्रे कोणा घरातून चोरलेली नव्हती. समाजमाध्यमांवर होती ती उचलली गेली. स्त्रियांच्या वर्गाचा ‘आठवण म्हणून’ काढलेला स्क्रीनशॉट संस्थेच्या पानावर टाकताना हे लक्षात ठेवावे.

पाहुण्याच्या वेशात आलेला चोर

काही जण गोंधळ घालण्यासाठी येत नाहीत. ते गप्प बसतात आणि लिखित संवादात एखादा दुवा टाकतात: ‘दर्सच्या नोट्स येथे मिळतील’, ‘प्रमाणपत्रासाठी हे ॲप घ्या’, ‘मदरशाच्या जकातसाठी हा क्यूआर कोड’. कधी संचालकाचे किंवा मौलानांचेच नाव आणि छायाचित्र लावून हा संदेश येतो. त्या नावावरील विश्वासामुळे लोक पैसे पाठवतात किंवा ॲप बसवतात आणि मोबाइलमधील संदेश, ओटीपी, बँकेचे व्यवहार परक्याच्या हाती जातात.

सूरह अल-हुजुरातच्या ६ व्या आयतीत दुराचारी माणसाने आणलेल्या बातमीची छाननी करण्याचा आदेश आहे, नाहीतर अजाणता कोणाची हानी होऊन पश्चात्ताप करावा लागेल. सहाबांनी ही छाननी सज्जनांच्या बाबतीतही केली. आदरणीय अबू मूसा अशअरी (रजि.) यांनी आदरणीय उमर (रजि.) यांच्या दाराशी तीन वेळा परवानगी मागितली, उत्तर न आल्याने ते परतले. नंतर उमर (रजि.) यांनी कारण विचारले, तेव्हा तीन वेळा विचारूनही परवानगी न मिळाल्यास परत फिरावे ही प्रेषितांची (स.) शिकवण त्यांनी सांगितली. उमर (रजि.) यांनी त्यावर साक्षीदार आणण्यास फर्मावले. अबू मूसा (रजि.) अन्सारच्या मजलिसीत गेले आणि आदरणीय अबू सईद खुदरी (रजि.) यांनी येऊन साक्ष दिली. काही रिवायतींत उमर (रजि.) यांनी असेही स्पष्ट केले आहे की अबू मूसांवर त्यांचा आरोप नव्हता, प्रेषितांच्या (स.) नावावर लोक मनाला येईल ते सांगू लागतील ही त्यांना काळजी होती. परवानगीच्याच हदीसच्या निमित्ताने पडताळणीचा हा धडा मिळाला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आदरणीय व्यक्तीच्या शब्दाचीही खात्री करून घेणे हा तिचा अपमान नाही.

म्हणून पैशाचा संदेश कितीही ओळखीच्या नावाने आला, तरी आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून विचारावे. जकात आणि सदका ही इबादत आहे. ती योग्य हाती पोहोचते की नाही हे पाहणे देणाऱ्याचेही काम आहे. ॲप फक्त अधिकृत ॲप स्टोअरवरूनच घ्यावे. संदेशातून आलेली फाइल उघडून बसवू नये. ‘तुमचा आवाज येत नाही, मी दुरुस्त करून देतो, स्क्रीन शेअर करा’ असे कोणी म्हटले तर नकार द्यावा. पडदा परक्यापुढे उघडला की त्या क्षणी येणारा ओटीपीही त्याला दिसतो. हजसंबंधी अर्ज आणि पैसे यांची माहिती हज कमिटीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी, वेबिनारमध्ये टाकलेल्या दुव्यावरून नव्हे.

पासवर्डविषयीही एक सूचना. एप्रिल २०२० मध्ये झूमच्या पाच लाखांहून अधिक खात्यांचे तपशील इंटरनेटच्या चोरबाजारात विक्रीला आल्याचे उघड झाले. त्यामागचे कारण साधे होते. लोकांनी अन्यत्र वापरलेला आणि तेथून पूर्वीच चोरीला गेलेला पासवर्ड येथेही ठेवला होता. चोरांनी त्या जुन्या किल्ल्या नव्या कुलपाला लावून पाहिल्या. श्रद्धावंत एकाच बिळातून दोनदा दंश करून घेत नाही, ही हदीस बुखारी व मुस्लिममध्ये आहे. प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड आणि खात्याला दुहेरी पडताळणी ठेवणे हे तिचे आजचे आचरण म्हणता येईल.

घुसखोरी झालीच तर

सर्व काळजी घेऊनही प्रसंग ओढवू शकतो. अशा वेळी संचालकाने घुसखोराशी वाद घालू नये. त्याला तत्काळ बाहेर काढावे आणि मीटिंगला कुलूप लावावे. झूममध्ये सर्वांचे कॅमेरे, माइक आणि पडदे एकदम थांबवण्याची सोय संचालकाच्या साधनांत आहे. ती आधीच पाहून ठेवावी. घुसखोर एकाहून अधिक असतील तर सरळ मीटिंग संपवावी आणि नव्या दुव्यावर, ओळखीच्या लोकांना घेऊन, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दर्स पुन्हा सुरू करावा.

पुरावा जपावा: वेळ, दिसलेले नाव, संदेश, स्क्रीनशॉट. मात्र तो पोलिसांसाठी आहे, गटात फिरवण्यासाठी नाही. ‘सावध करण्यासाठी’ म्हणून ते अश्लील दृश्य पुढे पाठवणारे लोक घुसखोराचेच काम पूर्ण करतात. श्रद्धावंतांमध्ये निर्लज्जपणा पसरावा असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी सूरह अन-नूरच्या १९ व्या आयतीत इहलोकी आणि परलोकी कठोर शिक्षेचा इशारा आहे. ऐकलेली प्रत्येक गोष्ट सांगत सुटणे माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे, अशी मुस्लिममध्ये हदीस आहे.

पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करावा आणि बँकेलाही कळवावे; जितका उशीर कमी, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक. इतर प्रकारांसाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टल आहे. स्त्रिया व बालके यांच्याशी संबंधित अश्लील मजकुराची तक्रार तेथे नाव न देताही करता येते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणूक करणे आणि अश्लील मजकूर प्रसारित करणे हे दंडनीय गुन्हे आहेत. जुलमाविरुद्ध दाद मागणे हे सब्रच्या विरुद्ध नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्या भगिनीचे चित्र किंवा आवाज चोरला गेला, तिला दोष देऊ नये. ‘कशाला बसली होतीस कॅमेऱ्यासमोर?’ हा प्रश्न घरात विचारला गेला की पुढच्या वेळी ती काही सांगणारच नाही, आणि धमकावणाऱ्याला नेमके तेच हवे असते. डोकावणारा माणूस आणि घरातील माणूस यांपैकी प्रेषितांनी (स.) कोणाला फटकारले, हे आपण वर पाहिले आहे.

उंट बांधा, मग भरवसा ठेवा

एका माणसाने उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवावा की बांधून, असे विचारले असता, प्रेषितांनी (स.) तो बांधून भरवसा ठेवण्यास सांगितले, अशी तिर्मिजीत हदीस आहे. ऑनलाइन दर्सच्या बाबतीत दोन टोकाच्या वृत्ती दिसतात. एक म्हणते, दीनचे काम आहे, अल्लाह राखील. आणि दार उघडे टाकते. दुसरी म्हणते, फित्ना आहे. आणि दर्सच बंद करते. पहिली उंट मोकळा सोडते, दुसरी उंट विकून टाकते. आपला मार्ग उंट बांधण्याचा आहे.

जमाअतींच्या जबाबदार मंडळींना विनंती आहे की पुढच्या वर्गाआधी एक बैठक घ्यावी. कोणता कार्यक्रम सर्वांसाठी आणि कोणता ओळखीच्यांसाठी हे ठरवावे, दाराशी कोण बसणार ते नेमावे, आणि एखाद्या तरुणाकडून किंवा तरुणीकडून वर सांगितलेल्या सात दक्षता शिकून घ्याव्यात. ज्या ठिकाणी एखाद्या प्रसंगामुळे भगिनींचा वर्ग बंद पडला आहे, तेथे तो नव्या दारासह पुन्हा सुरू करावा. ज्ञान संपादणे हे प्रत्येक मुस्लिमाचे कर्तव्य आहे, आणि त्या कर्तव्याची वाट सुरक्षित ठेवणे हे आपणा सर्वांचे.

अल्लाह आपल्या घरांचे, आपल्या लेकीबाळींच्या इज्जतीचे आणि आपल्या मजलिसींचे रक्षण करो, आणि एकमेकांच्या अमानती जपण्याची आपणास तौफीक देवो. आमीन.